वाटणीतली पोथी

आमच्या आजोबांइतका शहाणा आणि तेवढाच मूर्ख माणूस मी पाहिला नाही. जन्मभर वैद्यकी केली आणि शेवटी आपली संस्कृत पोथी दोन मुलांत वाटून दिली. पोथी काही शिवलेली नसते. हाती लिहिलेली सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि लाल रुमालाची गाठ. आजोबांनी समासातले आकडे बघत पहिलं पान बाबांना दिलं, दुसरं काकाला, तिसरं पुन्हा बाबांना, असं पार शेवटपर्यंत. म्हणे, भांडलात तरी पानासाठी एकमेकांच्या दारात जावं लागेल!

भांडण झालंच, शेताच्या बांधावरून. देवळालीत एकाच गल्लीत दोन घरं, पण बोलणं बंद.

बहात्तरच्या दुष्काळात आईचा ताप उतरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाबांनी रुमाल सोडला. आजोबांचं एक औषध त्यांनी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. त्यात बचनाग, म्हणजे चक्क विष. ते शुद्ध कसं करायचं हे आमच्या पानावर होतं. किती द्यायचं, ते पुढच्या पानावर. काकाच्या.

"अंदाजानं द्या ना," मी म्हणाले.

"जरा चुकलं तर आई जाईल तुझी!" बाबा ओरडले. आणि तरी जागचे उठेनात. जळो मेला तो मान! शेवटी मीच निघाले.

काका ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"काका, पोथीतलं एक पान हवंय. आईचं काही खरं नाही."

"बाप कुठाय तुझा?"

"घरी आहेत."

"आज आहेत होय घरी?"

माझी मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी काकू आजारी होती, तेव्हा तोही असाच एका पानासाठी आमच्या दारात आला होता. बाबा आत जेवत होते. त्यांनी हातानंच नाही म्हणून खुणावलं, आणि "बाबा घरी नाहीत" हे मी काकाच्या तोंडावर सांगितलं. चार दिवसांनी काकू गेली.

काका आत गेला. फळ्यांसकट सगळं बासन आणून त्यानं माझ्या हातात दिलं.

"सगळीच ने. या वाटणीनं एक बाई नेली, पुरे झालं."

चुकले, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. आई वाचली. तिला पेज भरवताना मला बाबांचा राग यायचा, आणि माझा त्याहून जास्त.