दादाची ऐन भरातली वर्षं

माझ्या दादाचा बेस्ट खेळ कोणीच पाहिला नाही.

त्याने स्वतःसुद्धा नाही.

मिलिंददादा मंगळवारी पहाटे गेला. लंडनमधल्या हॅरोच्या घरी, झोपेतच. हार्ट.

तुमच्यापैकी बरेच जण त्याला अकाउंटंट म्हणून ओळखता. टॅक्स रिटर्नची तारीख जवळ आली की ज्याला फोन करायचात, तो उंच मिलिंद.

मी या ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. पण ही गोष्ट आता फक्त मलाच माहीत आहे.

१९८६. आम्ही तेव्हा मँचेस्टरला राहायचो. दादा चोवीस वर्षांचा, सहा फूट पाच इंच. एका फर्ममध्ये ट्रेनी म्हणून नुकताच लागला होता. संध्याकाळी बास्केटबॉल.

तेव्हा इथे बास्केटबॉल म्हणजे थंडगार स्पोर्ट्स हॉल, बॅडमिंटनच्या रेघांमधूनच शोधायचं कोर्ट, आणि टाळ्या वाजवायला खेळाडूंच्या गर्लफ्रेंड्स.

आणि मी.

पण काही क्लब पगार द्यायला लागले होते. त्यातल्या एका क्लबच्या अमेरिकन कोचने दादाला विचारलं, फुल टाइम येतोस का?

दादा म्हणाला, "घरी या. बाबांशी बोला."

रविवारी कोच आला. दादासारखाच दारातून वाकून आत आला. बाबांनी घरात टाय लावला होता. आईने बटाटेवडे केले होते.

कोच सरळ मुद्द्यावर आला. "डॉक्टर, तुमचा मुलगा अजून कच्चा आहे. पण बास्केटबॉलमध्ये माणूस सत्ताविसाव्या, अठ्ठाविसाव्या वर्षी भरात येतो. पायात अजून जोर असतो आणि डोकं शांत झालेलं असतं. आज त्याला माझ्याकडे द्या. चार वर्षांनी बघा."

बाबांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे अजून चार वर्षं आहेत! मिलिंदा, ऐकलंस? तोवर तू चार्टर्ड होशील. मग अगदी वेळेवर मोकळा!"

"तसं नाही, डॉक्टर..." कोच म्हणाला.

"प्लीज, वन मोअर," म्हणत आईने त्याच्या ताटलीत आणखी एक वडा ठेवला.

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

बाबांवर रागावू नका. खेळाला त्यांचा विरोध नव्हता. ते इंडियातून आलेले डॉक्टर. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत आम्हाला घेऊन गावोगाव फिरले. कन्सल्टंटची पक्की पोस्ट मिळाली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. थांबलं की मिळतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं होतं.

"मी चोविशीत कुठे होतो?" म्हणायचे.

दादा कधी वाद घालायचा नाही. तो ऑफिसला जात राहिला. रात्री अभ्यास. एक पेपर राहिला, तो परत दिला. बास्केटबॉल आधी फक्त शनिवारी उरलं. मग तेही सुटलं.

१९९० मध्ये तो चार्टर्ड झाला. वय अठ्ठावीस.

बाबा स्वतः दुकानात जाऊन त्याच्यासाठी नवे ट्रेनर्स, खेळायचे बूट, घेऊन आले. त्याच्या साइझचे मिळायला त्यांना तीन दुकानं फिरावी लागली.

"आता जा," म्हणाले.

मी त्याच्याबरोबर गेले. तोच हॉल, तोच कोच.

दादा वाईट खेळला नाही. पण प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे. बॉल कुठे जाणार ते त्याला कळत होतं, मला दिसत होतं. तो पोहोचेपर्यंत तिथे दुसरं कोणीतरी असायचं.

कोच त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसला. आवाज चढवला नाही.

"त्या वयात माणूस भरात येतो, कारण त्याआधी तो रोज खेळलेला असतो. तुझ्या वडिलांना मी तेच सांगत होतो, मिलिंद. ती चार वर्षं मला हवी होती."

गाडीत दादाने सीट बेल्ट लावला.

मग म्हणाला, "बाबांना हे सांगू नकोस."

"मग काय सांगायचं?"

"व्हेकन्सी नव्हती म्हणू. ते त्यांना समजेल."

बाबा दारातच उभे होते. "काय झालं?"

"या वर्षी व्हेकन्सी नाहीये, बाबा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्यासाठी त्यांना हात बराच वर न्यावा लागला.

"होतं असं. माझं किती वेळा झालंय. अप्लाय करत राहायचं."

दादा "हो" म्हणाला आणि त्याने ट्रेनर्स काढून बॉक्समध्ये ठेवले.

नंतर तो हॅरोला आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये दर रविवारी त्याच्यासारख्याच काही जणांबरोबर खेळायला लागला. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे. रिटायर झालेले बाबा चहाचा फ्लास्क घेऊन बघायला बसायचे.

एकदा दादाने लांबून बॉल टाकला. बरोबर आत.

बाबा मला म्हणाले, "बघ, अजून सुधारतोय! मी म्हटलं होतं ना, घाई कसली?"

दादा समोरच तोंड पुसत उभा होता. धाप लागली होती त्याला. माझ्या पायाला त्याने बुटाने हळूच टोचलं. गप्प बस.

"हो बाबा," म्हणाला. "जमतंय हळूहळू."

बाबा काही वर्षांनी गेले. आपल्या मुलाचं नशीब फक्त व्हेकन्सीच्या बाबतीत खराब होतं, असंच ते शेवटपर्यंत समजत होते.

दादाने बरोबर केलं का, मला अजूनही ठरवता येत नाही.

कदाचित तो साधारणच खेळाडू झाला असता. पण तेवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

दादा, सॉरी. मी आज सगळ्यांना सांगून टाकलं.

तिथे बाबा भेटले तर तू मात्र सांगू नकोस.

नीट जा. आता कुठल्याच दारात वाकायला लागणार नाही.

भरल्या मनाने निरोप.

तुझी सुजू