मधेच दिवा लावणारे मास्तर

२०१९ साल. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी मला कळलं की फिल्म धुता धुता मधेच दिवा लावणारा माणूसही जगात असतो. चाळीस वर्षं मी उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका स्टुडिओत डार्करूम सांभाळली. शाळा चौथीपर्यंतच, पण दाराच्या फटीतून उजेड आला तर मालकालाही झापणारा मी. आणि हे शेजारचे मास्तर, केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले, चाचणीची एक ओली फिल्म डब्यातून काढून सरळ बल्बसमोर धरत होते! मी ओरडलो, "अहो, सत्यानाश!" ते म्हणाले, "ओरडू नका आप्पा, खराब नाही होत. अर्धवट आहे."

अर्धवट हा त्यांचा लाडका शब्द. चहा फिका झाला, अर्धवट. मी चौथी पास, म्हणजे अर्धवट. मला राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी मी परत हजर.

स्लाइडच्या फिल्मचं तयार औषध उज्जैनात मिळेना, तेव्हा मास्तरांनी जुगाड केला. पहिलं औषध माझं, काळ्या-पांढऱ्याचं डेव्हलपर. मग पाणी, मग तो मेला दिवा. मग रंगीत फोटोच्या कागदाचं औषध, ते बंद पडलेल्या एका लॅबमधून मीच आणून दिलेलं. मग ब्लीच, आणि फिल्मवरचं उरलंसुरलं सगळं धुऊन काढणारा हायपो सगळ्यात शेवटी. उजेड दाखवल्यावर उलटं चित्र सुलटं कसं होतं, हे त्यांनी मला पाटीवर दहा वेळा काढून दाखवलं. दहाही वेळा मी मान हलवली. समजलं काही नाही, आजही नाही. मास्तर आता नाहीत. त्यांची एक स्लाइड माझ्या खिडकीच्या काचेला चिकटवलेली आहे. तिच्यातली चादर लाल आहे. का लाल आहे, मला विचारू नका.

मास्तरांचे डोळे जात चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, आधी रंग फिके होतील. म्हणून ही घाई. फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे त्यांनी जुने दोन रोल जपले होते. ते घेऊन गावाबाहेर छिप्यांच्या भैरवगढला गेले आणि वाळत घातलेल्या छापाच्या चादरींचे फोटो काढून आले. "एकदा स्लाइड भिंतीवर पाडून भिंतीएवढा लाल बघायचाय, आप्पा. मग गेले डोळे तर जाऊ देत."

पहिला रोल धुताना दारावर कोणी आलं, मास्तर उठून गेले. औषधाची वेळ संपली. मी ते ओतून दिलं, पाणी फिरवलं आणि हायपो घातला. विचार केलाच नाही. चाळीस वर्षं डेव्हलपरनंतर हायपो, हात आपोआप गेला. पुढचं सगळं आम्ही केलं, पण रंग यायला फिल्मवर उरलंच काय होतं!

मास्तरांनी पट्टी खिडकीशी धरली. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "रंग आहेत ना, आप्पा? मला दिसत नाहीत."

मी म्हणालो, "आहेत."

दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "डोळे तुमचे ठीक आहेत. हायपो मी आधी घातला."

"माहीत आहे. दारातून परत आलो तेव्हाच वास आला होता. डोळे चाललेत, नाक नाही."

"मग मला विचारलं कशाला?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं."

"आणि मी खोटं बोललो."

"अर्धवट," मास्तर म्हणाले. "उरलेलं आज सांगायला आलात की."

ही थट्टा होती, शिक्षा होती की माफी, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चिडून म्हणालो, "मला हाकलून द्या एकदाचं." त्यांनी दुसरा रोल माझ्या मुठीत दिला. "हा तुम्ही धुवायचा. मी फक्त बसणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून गेलो. हायपोची बाटली मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि बजावलं, "मागितली तरी द्यायची नाही." पहिलं औषध झालं, पाणी झालं. हात बाटलीकडे वळलाच. मास्तरांनी ती पोटाशी धरली. मग मी डबा उघडला, फिल्म बाहेर काढली, आणि डोळे गच्च मिटून दिवा लावला.