खालचं भोक

गॅरेजमध्ये सगळे तिला ठिणगी म्हणत. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, हात थरथरायला लागले तशी वेल्डिंगची जागा तिनं घेतली. गिऱ्हाइकं धाकट्या भावानं सांभाळली.

घरच्या जुन्या गाडीचा धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर दोनदा गेला होता. कुणीतरी तो धुराच्या पाइपला खालून बसवला होता. पाइपात पाणी साचायचं नि तापलेल्या सेन्सरला तडा जायचा. ठिणगीनं वरच्या अंगाला नवं भोक पाडलं, नट वेल्ड केला, सेन्सर तिरका बसवला. खालचं भोक बुजवायचं तेवढं राहिलं, आणि नेमका वेल्डिंगचा सिलिंडर संपला. नवा घेऊन ती परतली, तर गाडी गायब.

"माझी बायको अण्णांना आत्याकडे सोडायला घेऊन गेली," भाऊ म्हणाला.

"आणि खालचं भोक?"

"मी सीलंट थापलंय की. लगेच काय आभाळ कोसळतंय!"

"त्या तापलेल्या पाइपावर? कधीच गळून पडलं असेल! मागच्या सीटखालचा पत्रा गंजलाय, सगळा धूर आत जाणार. आणि अण्णा काच उघडू देतात का कधी?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बायकोला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ठिणगीनं तोवर स्कूटर काढली होती; तो धावत मागे बसला.

सिग्नल, वळणं, ट्रक.

पुलाच्या अलीकडे गाडी दिसली, एक चाक फुटपाथवर. भावजय दाराला धरून ओकत होती. इंजिन चालूच होतं. ठिणगीनं किल्ली फिरवली, मागचं दार ओढलं. अण्णांची मान एका बाजूला लवंडलेली. दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं.

"अण्णा! अहो अण्णा!"

काहीच नाही. भाऊ खाली बसून रडायलाच लागला.

"रडू नकोस, अँब्युलन्स बोलव!" ती खेकसली, पण तिचाही आवाज फाटला होता.

मग अण्णांच्या पापण्या हलल्या. "ओरडतेस कशाला... डोकं ठणकतंय."

हॉस्पिटलात त्यांना नि भावजयीला ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

अण्णा घरी आले ते भावाशी बोलेनात. तो मुकाट्यानं जेवायचा, उठायचा. शेवटी एका सकाळी ठिणगीनंच त्याच्या हातात वेल्डिंगचा मुखवटा ठेवला.

"चल. ते भोक तूच बुजव. मी शेजारी उभी राहते."