रेशन कार्डावरचं माझं नाव

सुप्याच्या फाट्यावर पुण्याची एसटी थांबली तेव्हा अण्णांनी माझी बॅग स्वतः आत चढवली आणि कुणी न विचारताच कंडक्टरला सांगितलं, "पोरगा हाय माझा. सायब म्हनून चाललाय कंपनीत." मी साहेब वगैरे नव्हतो. सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होतो, चाकणलाही सुपरवायझरच होणार होतो, पगार तेवढा थोडा जास्त. आई खिडकीखालून एवढंच म्हणाली, "येळेवर जेवत जा." त्या दिवशी मलाही आपण मोठे झालो असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता सात वर्षं झाली. त्याच पगारावर मी गावात श्रीमंत आहे आणि चाकणला कुणीच नाही. जत्रेच्या वर्गणीत मला बागायतदारांच्या ओळीत बसवतात. इकडे होम लोन विचारायला गेलो तर बँकेतल्या बाई हसून म्हणाल्या, "सर, या पगारात वन आरके बघा, तोही जरा लांब." भाडं, मेंटेनन्स, मुलीची स्कूल व्हॅन गेली की वीस तारखेनंतर भाजी घेतानाही मी आधी मोबाईलवर बॅलन्स बघतो. आणि गावाकडचे तुम्ही सगळे म्हणता, तुमचं काय बुवा, तुम्ही पुणेकर. डोकं फिरतं माझं.

यंदा धाकट्या बहिणीला, स्वातीला, नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. घरी तीन एकर जिरायत आणि एक म्हैस, दाखल्याला अडचण यायचं कारण नव्हतं. पण रेशन कार्डावर माझं नाव अजून होतं. तलाठ्याने चावडीत चार माणसांसमोर विचारलं आणि अण्णांनी माझा पगार दीडपट करून सांगितला. सवलत गेली.

मी फोनवर चिडलो. अण्णा म्हणाले, "मग काय, पोरगं रिकामं हिंडतंय म्हनू?"

पण खरा पगार सांगितला असता तरी दोन्ही घरांचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या वर जातच होतं. अण्णांवरचा राग दोन दिवसांत गेला, त्या मर्यादेवरचा गेलेला नाही. गावाला जो आकडा, तोच चाकणला. ज्या पैशात तिकडे अख्खं घर चालून वर दागिना होतो, त्यात इकडे महिना पुरा होत नाही. हा आकडा ठरवणाऱ्याने एकदा चाकणला भाड्याने राहून दाखवावं.

तहसीलमधल्या क्लार्कने वाट सांगितली. मुलगा विभक्त राहतो असा अर्ज द्या, कार्डावरून त्याचं नाव कमी करा, मग नवा दाखला. अण्णा तीन आठवडे हटून बसले. "पोराला घरातून काढलं, असं मी लिहून देऊ व्हय?" शेवटी स्वातीच म्हणाली, "न्हाई जात मी कॉलेजला." दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला फोन करून बोलावून घेतलं.

मी रजा टाकून गेलो. अर्जावर अण्णांनी सही केली. क्लार्कने मान वर न करता विचारलं, "आता कुटुंबात माणसं किती?"

अण्णांनी तीन बोटं दाखवली.

स्वाती आता कॉलेजला जाते. आणि घर कुठलं असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडात अजून तेच घर येतं, ज्यात मी मोजला जात नाही.