वटवाघळांची वेळ

योगिनी अठ्ठावीस वर्षांची झाली, पण तिला घड्याळ कधी कळलं नाही. तिला वटवाघळं कळत. गंगापूर रोडच्या त्यांच्या इमारतीमागे, नाल्याकाठच्या निलगिरीवरून तिन्हीसांजेला ती उठली, की ओझरहून पप्पांच्या कंपनीची बस यायची. योगिनी खिडकीतून ओरडायची, "मम्मी, निघाली! चहा टाक!"

चैत्रात पप्पा, सोमनाथ, अचानक गेले. योगिनी रडली नाही. वटवाघळं उठली, की तिचं "चहा टाक" सुरूच राहिलं. आपल्यामागे हिचं कसं होणार, हा घोर मंदाकिनीला होताच. त्यात लेकीचं हे रोजचं वाट पाहणं तिला बघवेना. एके दिवशी तिने चारलाच खिडकी लावून पडदा ओढला.

अंधार पडला तरी योगिनी पडद्यासमोरच्या स्टुलावरून हलली नाही.

"जेव ना गं, वरण निवतंय."

"मम्मी, वटवाघळंपण वारली का? पप्पांसारखी?"

मंदाकिनीने पळी खाली ठेवली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं.

"मग रोज चहा कुणासाठी टाकायला सांगतेस, बाळा?"

"तुझ्यासाठी. तू पप्पांबरोबरच प्यायचीस. आता पीतच नाहीस."

मंदाकिनीने खिडकी उघडली. निलगिरी रिकामी होती.

"वारली नाहीत गं. पोट भरायला गेलीत. पहाटे येतील."

"पप्पा नाही येणार."

"नाही येणार," ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली, आणि जेवणाच्या वेळेला तिने चहाचं आधण ठेवलं.