वहिनींचा उघड हेवा

आमच्या वहिनी लोकांवर जळत आणि ते त्यांना तोंडावर सांगत. कोणाच्या घरी चहा घेता घेता मध्येच कप खाली ठेवून त्या म्हणायच्या, "तुमचे पडदे पाहून मले भलती जलन होऊन राहिली, बाप्पा!" घरची बाई आधी दचकायची, मग हसायची आणि त्या दिवसापासून वहिनींची मैत्रीण व्हायची. दादा कानकोंडा व्हायचा. वहिनी त्याला म्हणत, "हेवा पोटात ठेवला का सडते. बाहेर काढला का त्याचं काम होते."

त्यांचं माहेर पारशिवनीचं. वडील सुतारकामातले जाणते, आणि ही एकुलती एक मुलगी, त्यामुळे पटाशी-करवत त्यांच्या हाती लहानपणीच आली. लग्नानंतर महाल भागातल्या आमच्या घराची मागची खोली त्यांनी ताब्यात घेतली. शिसवीच्या काळ्या लाकडात खाच करायची आणि तिच्यात पांढऱ्या, पिवळ्या लाकडाचे तुकडे बसवून पक्षी, पानं, वेली काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या डब्यांची झाकणं अशी बसत की लावताना आतली हवा हलकेच उसासा टाकायची.

साधारण ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. महिला मंडळाच्या प्रदर्शनात वहिनींनी आपले डबे मांडले होते, मी त्यांच्यासोबत गेलो होतो. जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतल्या मोटवानी भाभींनी तिथे एक तबक मांडलं होतं. काळ्या लाकडात पांढरा बगळा, आणि त्याचे पाय केसासारखे बारीक. वहिनी त्या तबकासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मंडळाच्या बायका त्यांना फराळाला बोलावत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

परतताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, "भाऊजी, पांढरा गोंद लावला का तुकडा शिकंज्यात आवळून ठेवा लागते. तो पाय आवळला असता तर मोडलाच असता. मंग त्या बाईनं बसवला कशानं?"

"तिलाच विचारायचं होतं."

"आज नाई. आज मी लय जळली हावो."

उत्तर मंडळाच्या बायकांकडूनच कळलं. भाभींचा भाचा परदेशातून एक चिमुकली ट्यूब घेऊन आला होता, सुपर ग्लू. थेंब लावा, बोटाने धरा, झालं. वहिनींना ते ऐकून झोप येईना. दुसऱ्याच दिवसापासून आमची शोधाशोध सुरू झाली. इतवारीच्या बाजारात सगळ्यांनी पांढरा गोंद आणि सरस पुढे केला. शेवटी सीताबर्डीच्या एका दुकानदाराने काचेच्या कपाटातून ट्यूबा काढल्या.

वहिनी एकेक ट्यूब बोटांनी हळूच दाबून बाजूला ठेवू लागल्या.

"बाई, भाजी घेऊन राहिल्या का?" दुकानदार वैतागला.

"हे कडक लागते. आतला गोंद वाळला असन. हे नरम हाय." मग त्यांनी पिशवीतून शिसवीचा एक तुकडा काढला. "यात पातळ कोणता आन् घट्ट कोणता?"

"पातळ न्या. सगळे तेच नेतात."

"सगळे चपला सांधत असतील."

त्यांनी दोन्ही घेतल्या आणि तिथेच काउंटरवर उघडल्या. पातळ थेंब लाकडाने बघता बघता पिऊन टाकला. घट्ट थेंब वर तसाच राहिला. वहिनींनी त्यावर लाकडाची काडी टेकवली आणि श्वास रोखून धरला. मग तुकडा उलटा करून हलवला. काडी पडली नाही. दुकानदारही वाकून बघत होता. "अजून घट्टवाल्या हायेत का, सगळ्या काढा," असं म्हणत त्यांनी पदराची पैशांची गाठ सोडली.

पुढच्या प्रदर्शनासाठी त्यांनी एक पेटी केली. झाकणावर खंड्या, चोचीत मासा. महिनोन् महिने खपल्या. पॉलिशही झालं. मग शेवटी माशाचा डोळा आणि खवले नव्या गोंदाने बसवले, पेटी कपड्यात गुंडाळली आणि कपाटात बंद केली. सकाळी उघडली तर माशाभोवतीच्या काळ्याभोर पॉलिशवर पांढरी साय धरली होती. पुसली, तरी जाईना. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं.

मला वाटलं, आता रडतील. वहिनींनी पेटी उचलली. "जरीपटक्याले चाला."

भाभींनी दार उघडलं. वहिनींनी नमस्कारसुद्धा केला नाही. "मी तुमच्यावर वर्षभर जळून राहिली. तुमच्या बगळ्यानं माही झोप नेली. आता हे पाहा, काय झालं."

भाभींनी पेटी हातात घेतली. डागाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग पाटावर बसकण मारून म्हणाल्या, "ताई, गेल्या प्रदर्शनात तुमच्या डब्याचा झाकण बघून मी दोन दिवस जेवली नाही. माझा एक पण झाकण असा बसत नाही. मी तर कोणाला सांगितला पण नाही."

मग दोघी कामाला लागल्या. "हा गोंद बंद जागेत ठेवला की त्याची वाफ पॉलिशवर बसते," भाभी सांगत होत्या. "आधी चिकटवायचा, हवेत ठेवायचा, मग पॉलिश." झिरो नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने त्यांनी साय अलगद घासून काढली, वहिनींनी लाखेचं पॉलिश पुन्हा चढवलं. संध्याकाळी खंड्या चमकत होता. बक्षीस दोघींत वाटून मिळालं. "मले पुरं पायजे होतं," असं वहिनींनी व्यासपीठावरच भाभींना सांगितलं.

त्यानंतर दर प्रदर्शनाआधी भाभी महालात यायच्या नाही तर वहिनी जरीपटक्याला जायच्या. एकमेकींच्या कामात खोट काढताना दोघींचे चेहरे फुलून यायचे.

वहिनी लवकर गेल्या. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बघून मला म्हणाल्या, "पाहा ना भाऊजी, कशी मस्त झोपून राहिली ते. मले जलन होते."

पुढच्या वर्षी प्रदर्शनात मी भाभींना शोधलं. त्यांचं टेबल नव्हतं. जरीपटक्याला गेलो, तर खिडकीशी एक नवी पेटी ठेवलेली होती. मी झाकण लावून पाहिलं. इतकं नेमकं बसलं की मी भाभींकडे बघतच राहिलो.

"हे का नाही मांडलं?" मी विचारलं.

भाभींनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसली.

"कोणासाठी मांडू, भाऊ? तिथे आता सगळे फक्त तारीफ करतात."