दशांचा ढग

लोकांना वाटतं मला ढगांची हौस आहे. शाळेत भूगोल शिकवते, सुट्टी झाली की गच्चीवर जाते, वहीत ढगांची चित्रं काढते, म्हणून आमच्या भागात मला ढगवाल्या बाई म्हणतात. पण हौसेखातर कोणी अकरा वर्षं एकाच माणसाच्या गच्चीसमोर उभं राहत नाही. मी ढग शिकले ते त्या माणसाचा सूड उगवायला. तो उगवला, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला त्याची मला अजूनही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ती पुढे येईलच.

आम्ही तेलुगू, विणकर घरातले. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा गल्लीगल्लीत लूमची खडखड असायची. माझी अम्मा एका डाईंगमध्ये कामाला होती. डाईंग म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. खाली हौदात लड्या रंगवायच्या, बायकांनी त्या ओल्या लड्या गच्चीवर न्यायच्या आणि बांबूंवर वाळत घालायच्या. अर्धवट वाळलेल्या सुतावर पावसाचे थेंब पडले की डाग पडतात, आणि ते पुढे चादरीत उमटतात. म्हणून एका बाईनं वर थांबून आकाशावर नजर ठेवायची आणि वेळ आली की हाळी द्यायची. हे काम अम्माकडे होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकाश ती बरोबर वाचायची. ढगांना तिनं आपली नावं ठेवली होती, सगळी सुताच्या धंद्यातली. एक पिंजलेला ढग, एक गाठींचा ढग, आणि उन्हाळ्यात क्वचित दिसणारा दशांचा ढग. चादरीच्या टोकाला न विणलेले धागे लोंबतात, त्या दशा. त्या ढगाच्या खालून पाऊस तसा लोंबताना दिसतो, पण जमिनीपर्यंत पोचतच नाही.

मी दहा वर्षांची होते. दुपारी अम्माचा डबा घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा अक्कलकोटच्या बाजूनं तो ढग आला होता. मी पहिल्यांदाच पाहत होते. आकाशात पाऊस पडत होता आणि मधेच कुठेतरी संपत होता. मालकानं अंगणातून तेलुगूत विचारलं, पाऊस येईल का? अम्मानं वर पाहिलं आणि म्हणाली, "वान रादु." पाऊस येणार नाही.

पाऊस आला नाही. वारा आला. कुठलीही सूचना न देता, वरून खाली आदळावा तसा आला. बांबू खोबणीतून उडाले, लाल लड्या पांढऱ्या लड्यांवर पडल्या, वर धूळ बसली. अख्ख्या गच्चीवरचं सूत पाच मिनिटांत वाया गेलं.

मालक वर आला. लाल रंग गळणारी एक लडी त्यानं उचलली आणि हार घालावा तशी अम्माच्या गळ्यात घातली. मग तिला खाली नेलं आणि सगळ्या कामगारांसमोर अंगणात चक्कर मारायला लावली. मुकादम हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हसले. मी डबा धरून जिन्यात उभी होते. अम्मा चालताना पदर सारखा करत राहिली, जसं काही पदर नीट असला की बाकी सगळं नीट होणार होतं. चक्कर संपली आणि त्यानं तिला उद्यापासून यायचं नाही असं सांगितलं.

गळ्यावरचा लाल पट्टा चार दिवस निघाला नाही. मी राखेनं घासला, साबणानं घासला, शेवटी तिनंच माझा हात धरला. पुढे ती घरी विड्या वळायला लागली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान सतत खाली. ज्या बाईचं काम वर बघण्याचं होतं तिनं नंतर वर पाहिलंच नाही. आभाळ भरून आलं तरी शेजारणीनं सांगितल्यावर ती दोरीवरचे कपडे काढायची.

माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घुसून बसला. अम्मा चुकली नव्हती. पाऊस येणार नाही म्हणाली, आणि आला नाही. मग वारा कुठून आला? शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, परीक्षेला नाही ते. उत्तर मिळायला मला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं, आणि मिळालं तेव्हा ते इतकं साधं होतं की मी वाचनालयात बसून दात खाल्ले. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क, त्यामुळे ढगाचा तळ फार उंचावर असतो. तिथून निघालेला थेंब वाटेतच वाळतो. वाळताना तो भोवतालच्या हवेतली उष्णता घेतो. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच कारणानं. गार झालेली हवा जड होते, आणि जड झालेली हवा खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चहूकडे पसरते. म्हणजे दशांच्या ढगाखाली पाऊस येत नाही म्हणूनच वारा येतो. अम्माला ह्यातलं अर्धं ठाऊक होतं. मालकाला काहीच ठाऊक नव्हतं, आणि लडी तिच्या गळ्यात पडली.

त्या दिवशी मी ठरवलं की उरलेलं अर्धं मी माझ्याजवळ ठेवीन आणि एक दिवस त्याच्यावर वापरीन.

पुढे बरीच वर्षं इतर शाळांत शिकवलं, आणि त्याच्या डाईंगसमोरच्या शाळेत जागा निघाली तेव्हा मी मुद्दाम तिथं नोकरी मागितली. सात रस्ता चौकाजवळच्या चांगल्या शाळेतही जागा होती, ती सोडली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. शाळेची गच्ची आणि त्याची गच्ची, मध्ये फक्त एक बोळ. बाकीच्यांनी केव्हाच सूत वाळवायची यंत्रं आणली होती, पण हा जुन्या वळणाचा, अजून बांबूच. म्हातारा झाला होता, काठी घेऊन वर यायचा. मला त्यानं ओळखलं नाही. का ओळखावं?

मग मी कामाला लागले. शाळेच्या फाटकाबाहेर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी आजचं आकाश लिहायला लागले. कुरडया घालायच्या बायका तो फळा वाचून घालायच्या. डाईंगचा मुकादमही वाचायचा. वहीत मी दुर्मीळ ढगांचीही नोंद ठेवायची. एकदा वादळ ओसरताना आकाशभर म्हशीच्या कासेसारख्या पिशव्या लोंबल्या आणि सगळी गल्ली घाबरून घरात शिरली. मी फळ्यावर लिहिलं की भिऊ नका, हे वादळाचं शेपूट आहे. ढगाच्या पसरलेल्या माथ्याखाली बर्फाचे कण घेऊन जड झालेली हवा जागोजागी खाली बसते, त्याच ह्या पिशव्या. एकदा पातळ ढगाच्या चादरीला गोल भोक पडलं. कुणी म्हणालं, देवाचा डोळा. मी मुलांना गच्चीवर नेऊन समजावलं की त्या ढगातलं पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही गोठायचं राहिलेलं असतं. विमान त्यातून गेलं की ते गोठायला लागतं, बर्फाचे कण भोवतालचं पाणी ओढून घेतात, जड होऊन खाली पडतात, आणि मागे भोक उरतं. थाळीसारखा ढग मात्र मला कधी दिसला नाही. त्याला वाऱ्याला उचलून धरणारा डोंगर लागतो, आणि आमच्याकडे डोंगर कुठले.

मी कधीच खोटं लिहिलं नाही. कळत नसेल तेव्हा कळत नाही असं लिहिलं. असा विश्वास अकरा वर्षं जमवला. मुलं, बायका, मुकादम, सगळ्यांचा, पण मला हवा होता तो एकाचाच. हळूहळू म्हातारा त्याच्या गच्चीवरून मलाच विचारायला लागला. बाई, आज कसं? मी सांगायची. तो हात जोडायचा. तेव्हा मी त्याचा गळा बघायची. बारीक होता, शिरा दिसायच्या.

गेल्या एप्रिलमध्ये पेपर तपासत बसले होते, आणि खिडकीतला उजेड पिवळा झाला. गच्चीवर धावले. अक्कलकोटच्या बाजूनं तो येत होता. उंच, करडा, खाली लांब दशा सोडलेला. इतक्या वर्षांत दोन-तीनदा आला होता, पण तेव्हा एक तर समोर सूत नव्हतं किंवा मालक नव्हता. आज दोन्ही होतं. पांढऱ्या लड्यांच्या ओळी, शेजारी लाल. मालक काठी टेकून उभा, आणि पलीकडे हिरव्या लुगड्यातली एक बाई बांबू सरकवत होती.

"बाई, पाऊस येईल का?" त्यानं विचारलं.

मी ढगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पाऊस येणार नाही," मी म्हणाले.

त्यानं हात जोडले, हिरव्या लुगड्यातल्या बाईला सूत राहू दे अशी खूण केली आणि खाली गेला. मी कठड्याला धरून उभी राहिले. आधी हवा थांबली. मग दूर धुळीची भिंत उठली, रस्त्यावरची पत्र्याची शेड थडथडली, आणि गार वारा गच्चीवर आदळला. पहिला बांबू उडाला तेव्हा मी हसले. लाल लड्या पांढऱ्यावर पडत गेल्या आणि मी मोठ्यानं हसत होते, तोंडात धूळ जात होती तरी. खालून मालकाचं ओरडणं ऐकू आलं. मला पुढचं बघायचीही गरज वाटली नाही. मी जिना उतरले आणि रिक्षा करून घरी गेले, अम्माला सांगायला.

अम्मा दारात बसली होती. आता हात थरथरतात म्हणून विड्या वळत नाही, नुसती पानं नीट करते. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. तोच ढग, तोच प्रश्न, तुझंच उत्तर. तिनं ऐकून घेतलं. मग तेलुगूत विचारलं, वर कोण होतं?

मी म्हणाले, होती एक बाई. हिरव्या लुगड्यातली.

अम्माचा हात पानावर थांबला. "तिच्या गळ्यात घातली का?"

मला माहीत नव्हतं. मी थांबलेच नव्हते. चाळीस वर्षं जो जिना माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही, तो जिना त्या दुपारी दुसरी बाई उतरली असेल, आणि मी तेव्हा रिक्षा शोधत होते. अम्मा पुन्हा पानं नीट करायला लागली. रात्री मी वाढलं ते तिनं खाल्लं नाही, भूक नाही म्हणाली.

सकाळी मी डाईंगमध्ये गेले. हिरव्या लुगड्यातली बाई नव्हती. लडी गळ्यात घातली नव्हती म्हणे, हल्ली लोक मोबाइल काढतात. फक्त सगळ्यांसमोर जिन्यातून हाकलली होती. आठ दिवसांपूर्वीच कामाला लागली होती, मंगळवेढ्याकडची.

मालक अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पायाशी नासलेल्या लड्यांचा ढीग. मी कामगारांसमोर सांगितलं की बाईचा दोष नाही, पाऊस येणार नाही असं मी सांगितलं होतं, आणि वारा येणार हे मला ठाऊक होतं.

त्यानं मान वर केली. "मग वाऱ्याचं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाऊस विचारलात. माझ्या आईलाही तुम्ही पाऊसच विचारला होतात." आणि मी त्याला सांगितलं, कोण आई, कुठली लडी, कुठलं अंगण.

त्यानं खरंच आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या घातल्या, मुकादमाकडे पाहिलं. मग म्हणाला, "किती बाया आल्या-गेल्या, बाई. नाही आठवत."

पायाशी लाल लडी पडली होती. ती उचलून त्याच्या गळ्यात घालावी असं फार वाटलं. आजही वाटतं. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मी लडी उचलली नाही. त्या बाईला आजच्या आज परत बोलवा, नाहीतर हे सगळं मी फळ्यावर लिहीन, एवढंच म्हणाले. त्यानं बोलवलं. मी तरीही लिहिलं. वाऱ्याची सूचना मी जाणूनबुजून दिली नाही, चूक माझी आहे, गच्चीवरच्या बाईची नाही. तीन दिवस पुसू दिलं नाही. मुख्याध्यापकांनी कानउघाडणी केली. तेव्हापासून कुरडयांच्या बायका फळ्यासमोरून न थांबता जातात.

यंदा मे महिन्यात तो ढग पुन्हा आला. ती समोरच्या गच्चीवर होती, तेच हिरवं लुगडं. मी कठड्याशी गेले आणि ओरडून सांगितलं की वारा येईल, सूत काढा.

तिनं मान वळवली नाही. ती केव्हाच लड्या उतरवायला लागली होती, पांढऱ्या आधी, मग लाल.

"दिसतंय की मला," ती म्हणाली. "आता इचारत न्हाय आमी कुणाला."